बाबांना सांगायचं नाही

पोटदुखी हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. परीक्षा आली की पोरांचं पोट दुखतं, हे मी आयटी पार्कमधल्या आमच्या कॅन्टीनमध्ये दर थोड्या दिवसांनी ऐकते, आणि ते म्हणणारा माणूस स्वतः ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात घेऊन हिंडत असतो. मी हसत नाही. त्यामुळे ऑफिसात मी खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे. दहावीच्या वर्षी माझं पोट असं दुखायचं की मी बाथरूमच्या फरशीला गाल लावून पडून राहायचे. त्या वर्षात ढीगभर लोकांनी मला "टेन्शन घेऊ नकोस" असं सांगितलं. त्यातल्या कुणी तरी काय झालंय हे विचारायला हवं होतं.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. सातवीपर्यंत मी आजोळी मराठी शाळेत होते. मग बाबांची बदली पार वर, बर्फात झाली. ते फौजेत सुभेदार होते. तसल्या ठिकाणी कुटुंब नेता येत नाही, म्हणून वर गेलेल्या माणसांच्या बायकापोरांसाठी फौज खाली शहरांत वेगळी क्वार्टर्स ठेवते. आम्हाला असं क्वार्टर चंडीगडला मिळालं. एकाच नकाशाची घरं, सगळ्यांच्या दारात सायकली, आणि घरात पुरुषमाणूस जवळजवळ नाहीच. सगळ्या देशातल्या बायका तिथं होत्या आणि सगळ्यांचे नवरे कुठल्या ना कुठल्या डोंगरावर होते.

त्या कॉलनीत नव्या बाईला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट शिकवली जायची. फील्डवरच्या माणसाला घरचं टेन्शन द्यायचं नाही. तो थंडीत उभा आहे, हातात हत्यार आहे, मन घरी लागलं तर काहीही होऊ शकतं. त्यामुळे पोरगं तापानं फणफणलं, गावाकडं सासू पडली, छत गळलं, तरी रविवारच्या फोनवर "सगळं ठीक". जे काही झालं ते सहा महिन्यांनी, माणूस सुट्टीवर आला की, गंमत म्हणून सांगायचं. आईनं हे इतकं मनावर घेतलं की आजीच्या खुब्याचं ऑपरेशन बाबांना आजी चालायला लागल्यावर कळलं.

बाबांचीही एक तऱ्हा होती. फौजेत कुणी आजारी पडला की एमआय रूमला, म्हणजे फौजी दवाखान्यात जातो, आणि डॉक्टर चिठ्ठीवर दोन अक्षरं लिहून देतो: एम अँड डी. औषध घे आणि ड्यूटीवर जा. बाबा सुट्टीवर असताना मी शिंकले तरी ते खुर्चीत ताठ बसून गंभीर चेहऱ्यानं निकाल द्यायचे, "एम अँड डी!" आणि आम्ही तिघंही हसायचो. घरात तेव्हा हसण्यासारखं होतं.

समोरच्या क्वार्टरमध्ये हिमाचलचं एक कुटुंब होतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तिचे वडीलही सुभेदार, वेगळ्या युनिटमध्ये, पण तेही वरच. तिच्या बोलण्याला डोंगरातला एक हेल होता, शेवटचा शब्द जरा लांबवायची. आईच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी ती आमच्याकडं पराठा घेऊनच यायची आणि आईला "काय गं" म्हणायची, कारण मी आईला तसं म्हणते असं तिनं ऐकलं होतं. मला मैत्रिणी पटकन होत नाहीत. ती झाली, कारण तिनं मला विचारलंच नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर येऊन बसली.

दहावीला आम्ही दोघींनी सेक्टर चौतीसमध्ये गणित-सायन्सचा क्लास लावला होता. संध्याकाळी ठरलेली ऑटो आम्हाला न्यायची आणि आणायची. डिसेंबरमध्ये तिकडं धुकं उतरतं, ते सातारच्या माणसाला सांगून कळत नाही. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतो, गाडी दिसत नाही. अशाच एका संध्याकाळी परत येताना आमची ऑटो एका लाइट पॉइंटवरून हिरव्या दिव्यावर निघाली आणि आडव्या बाजूनं एक गाडी लाल दिवा न जुमानता आली.

आवाज मला आठवत नाही. मी रस्त्यावर बसले होते, हनुवटीतून रक्त येत होतं, ऑटोवाला हात धरून ओरडत होता. ती कडेच्या फुटपाथजवळ पडली होती. मी तिच्याकडं गेले तेव्हा मला बरंच वाटलं, कारण कुठं रक्त नव्हतं आणि ती बोलत होती. म्हणाली, "मम्मी को फोन कर. पापा को मत बताना, टेंशन लेंगे." मी फोन केला. लोक जमले. एका बाईनं आपली शाल काढून तिच्या अंगावर घातली, त्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. ती म्हणाली, थंडी वाजतेय. मग परत म्हणाली, पापांना नको सांगूस. मी तिचा हात धरून "नहीं बताऊँगी, पक्का" म्हणत राहिले. ॲम्ब्युलन्स धुक्यातून वाट काढत आली तोवर ती बोलायची थांबली होती. मार आतून लागला होता, असं नंतर कळलं. दवाखान्यात पोहोचण्याआधी ती गेली.

माझ्या हनुवटीला टाके घातले. घरी आल्यावर आईनं मला पोटाशी धरलं आणि देवापुढं साखर ठेवली. "आपली वाचली," एवढंच ती म्हणत होती. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्रीपासून आमच्या घरात हे पक्कं ठरून गेलं की अपघात समोरच्या मुलीचा झाला आणि आपलीला काही झालं नाही.

तिच्या वडिलांना वरून खाली यायला फार वेळ लागला. धुक्यामुळं विमान चंडीगडला उतरेना. ती शवागारात वाट पाहत होती, आणि इकडं त्यांच्या घरात कॉलनीतल्या बायका आणि युनिटनं पाठवलेली दोन माणसं बसून त्यांना काय सांगायचं हे ठरवत होती. ठरलं की मौके पर ही गई. जागच्या जागी, काही कळायच्या आत. त्यांना परत वर जायचंय, तेवढा तरी दिलासा हवा. तिच्या आईनंही मान हलवली. त्या बाईला त्या क्षणी काहीही विचारलं असतं तरी तिनं मान हलवली असती.

त्या संध्याकाळी आईनं मला स्वयंपाकघरात घेतलं. "त्यांनी इचारलं तर म्हणायचं, लगीच गेली. काय बोलली-बिलली न्हाई. कळलं?"

"पण आई, ती..."

"आगं, त्या माणसाला परत वर जायचंय. हातात बंदूक असती त्यांच्या. जिवाचं काय बरंवाईट करून घेतलं तर? आनि तुझ्या बाबास्नी बी यातलं काय सांगायचं न्हाई."

तेराव्याला तिचे वडील आमच्याकडं आले. डोकं भादरलेलं, अंगावर सिव्हिल कपडे, तरी बसले ते खुर्चीच्या कडेवर, हुकमाची वाट पाहत असल्यासारखे. आईनं चहा ठेवला. त्यांनी माझ्या हनुवटीच्या पट्टीकडं पाहिलं आणि विचारलं, "बेटा, उसने कुछ कहा था?"

ती जे बोलली होती ते नेमकं त्यांनाच सांगायचं नव्हतं. तिनंच तसं बजावलं होतं, त्यावर आईनं बजावलं होतं. मी म्हणाले, "नहीं अंकल, कुछ नहीं बोली."

ते "अच्छा बेटा," म्हणाले, चहा संपवला आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "कभी कुछ याद आए तो बताना." मग ते परत वर गेले, आणि तिची आई घराला कुलूप लावून गावी निघून गेली.

माझं पोट त्यानंतर दुखायला लागलं. क्लासची वेळ झाली की बेंबीच्या आसपास कुणी तरी पिळा मारायचं आणि तो पिळा मी झोपेपर्यंत सुटायचा नाही. ऑटोत पाय ठेवायची वेळ आली की गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत कळायचं नाही. आईनं थंडीच्या कपड्यांची ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मी मोरीकडं धावायचे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे, आणि आई म्हणायची, "किती भित्री झालीस गं." जेवण कमी झालं. डोकं दुखायचं. वर्गात बाई काय शिकवतात ते ऐकू यायचं पण आत शिरायचं नाही.

आईनं जे जे सुचलं ते केलं. ओवा चावायला दिला, हिंग बेंबीवर लावला, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, गावच्या देवीला नवस बोलली. मग एमआय रूम. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, परीक्षेचं वर्ष आहे का विचारलं, पोटात आग पडू नये म्हणून एक पातळ औषध दिलं. आणि खरोखरच, बाबांच्या विनोदातलं ते वाक्य जरा गोड भाषेत सांगितलं. औषध घे, शाळेत जा. मला हसू आलं नाही.

मग मोठे दवाखाने झाले. रक्त, लघवी, सोनोग्राफी. अपेंडिक्सची शंका आली आणि गेली. घशातून नळी घालून जठर पाहिलं, तेही स्वच्छ. प्रत्येक वेळी रिपोर्ट नॉर्मल यायचा, आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर लोकांची माझ्याकडं बघायची नजर थोडी बदलायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, आजकालच्या मुलींना लक्ष वेधून घ्यायचं असतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, विल पॉवर लागते. मला स्वतःलाच वाटायला लागलं की मी नाटक करते. बाथरूमच्या फरशीवर पडून मी स्वतःला सांगायचे, उठ, नाटकी. उठता यायचं नाही.

एवढ्या डॉक्टरांसमोर आई माझी हकिगत सांगायची. लहानपणची कावीळ, जंत, पहिली पाळी, कुठं कधी काय खाल्लं, सगळं. एकाही डॉक्टरला तिनं अपघाताबद्दल सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. तिच्या लेखी तो पोटाचा विषयच नव्हता. अपघातात हनुवटीला लागलं होतं आणि हनुवटी तर बरी झाली होती. मीही शेजारी बसून गप्प राहायचे. अपघात म्हटला की पुढं ती काय बोलली ते आलं असतं.

रविवारी फोन यायचा. आवाज तुटत तुटत. "काय करतंय माझं पोरगं?"

"ठीक आहे बाबा. अभ्यास चाललाय."

"जेवतीस न्हवं?"

"हो."

मागं आई उभी राहून मान हलवत असायची, बरोबर बोलतीस म्हणून. फोन ठेवला की मी परत पाय पोटाशी घेऊन पडायचे. दहावीची परीक्षा मी तशीच दिली. एका पेपराला मधेच उठून ओकून आले आणि पुन्हा बसले. मार्क पडले ते पास होण्यापुरते. बाबांना फोनवर आईनं सांगितलं, पेपर जरा अवघड होते.

उन्हाळ्यात आई मला सरकारी मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली, मुलांच्या विभागात. पहाटे रांग लावली होती. दुपारी आत गेलो तर एक तरुण डॉक्टर होती, डोळ्यांखाली झोप नसलेली. तिनं फाइल चाळली, आईची सगळी हकिगत ऐकली, आणि मग आईला बाहेर बसायला सांगितलं. आईला ते आवडलं नाही. दार लोटल्यावर डॉक्टरनं मला विचारलं, दुखत नव्हतं असं शेवटचं कधी आठवतं?

कुठं दुखतं, कसं दुखतं, जेवणाआधी की नंतर, हे शंभरदा विचारून झालं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "ॲक्सिडेंट से पहले."

तिनं पेन खाली ठेवलं. "कौनसा ॲक्सिडेंट?"

मी सांगितलं तेवढं ऐकून तिनं आईला आत बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. इतक्या भयंकर गोष्टीच्या मधे सापडलेल्या मुलांच्या बाबतीत असं होतं. ती बोलत नाहीत, त्यांचं अंग बोलतं. दुखणं खोटं नाही, खरंच दुखतं, फक्त त्याचं मूळ पोटात नाही. हे ऐकून मी रडले. मला त्यातलं एकच वाक्य हवं होतं, खरंच दुखतं हे. बाकीचं तिनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

आईनं मात्र तिथल्या तिथं भांडण काढलं. डॉक्टर मला मानसोपचाराच्या विभागात पाठवायचं म्हणत होती. "मेरी लडकी पागल नही है," आई म्हणाली, आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. हॉस्पिटलच्या गेटबाहेर छोले-कुलच्याच्या गाडीशेजारी उभं राहून ती मला म्हणाली, "तुला नर्सिंगला जायचंय ना फौजेच्या? असलं कागदावर आलं तर घेतील का कोन? आनि बाबांच्या नोकरीत काय लिवलं म्हंजे?" मला तिचा फार राग आला आणि त्याच वेळी ती फार एकटी आहे हेही दिसलं. एवढ्या मोठ्या शहरात तिला विचारायला कुणी नव्हतं, आणि ज्याला विचारायचं त्याला सांगायची बंदी होती.

त्या रविवारी फोन आला. आई नेहमीसारखी म्हणाली, "हां, सगळं ठीक हाय," आणि पुढं तिला बोलवेना. स्पीकर चालू होता. पलीकडून बाबा म्हणाले, "पोरीचं पोट दुखायचं थांबलं का?"

आई माझ्याकडं बघायला लागली. मी नकाराची मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं म्हणून.

बाबांना सगळं ठाऊक होतं. अपघात झाला त्याच आठवड्यात वर बातमी पोहोचली होती. कॉलनीतल्या कुणाच्या तरी नवऱ्यानं कुणाला सांगितलं, त्यानं बाबांना. ऑटोत मी होते, हनुवटीला टाके पडले, मग पोट दुखतंय, कुठल्या दवाखान्यात काय निघालं, हे सगळं त्यांना इकडून तिकडून कळत होतं. आणि ते दर रविवारी "काय करतंय माझं पोरगं" विचारून "ठीक आहे" ऐकून घेत होते. कारण आपल्याला कळलंय हे आईला कळलं तर ती आणखी काळजी करेल.

मी तिथून उठून बाल्कनीत गेले. मला दोघांचाही संताप आला होता. हे दोघं एकमेकांना जपत बसले होते आणि मधे मी पोट धरून पडले होते, सहा महिने. आत आई रडत होती आणि बाबा फोनवर मोठ्यानं, रेंज जाईल म्हणून घाईघाईनं सांगत होते, "घेऊन जा तिला. कागदाची काळजी करू नगंस. घेऊन जा."

मग आम्ही गेलो. दर आठवड्याला एका खोलीत एक बाई माझ्यासमोर बसायच्या. श्वास कसा घ्यायचा, पाय गेल्यासारखे वाटले तर काय करायचं, हे त्यांनी शिकवलं. ऑटो नुसती दुरून बघायची, मग तिच्याजवळ उभं राहायचं, मग बसायचं, असं हळूहळू करवून घेतलं. आणि त्या संध्याकाळबद्दल सांगायला लावलं, पुन्हा पुन्हा. मी सांगायचे. धुकं, दिवा, ऑटोवाला, शाल. दर वेळी थोडं कमी थरथरायचे. कुकरची शिट्टी मला ऐकवू लागली. जेवण वाढलं. पण संध्याकाळचा पिळा काही सुटला नाही, कारण दर वेळी मी एक गोष्ट गाळत होते. माझ्या सांगण्यात ती गप्प पडलेली असायची. त्या बाईंना काहीतरी राहतंय हे कळत असावं. त्यांनी ओढून काढलं नाही. एकदा मीच त्यांना विचारलं की मेलेल्या माणसाला दिलेलं वचन पाळायचं असतं का. त्या म्हणाल्या, तुला काय वाटतं? मला त्या उत्तराची चीड आली.

कारण प्रश्न वचनाचाच नव्हता. मी ते सांगितलं की तिच्या वडिलांना हेही कळणार होतं की ती जागच्या जागी गेली नव्हती. ती शुद्धीत होती, तिला थंडी वाजत होती, ती बराच वेळ रस्त्यावर पडून होती. एवढ्या माणसांनी मिळून त्यांना दिलेला दिलासा मी काढून घेणार होते. आणि ते परत वर गेले तर, त्यांच्या हातात बंदूक असेल तर. आईचं ते वाक्य मी विसरले नव्हते. सांगितलं तर तो माणूस मोडणार, नाही सांगितलं तर मी अशीच. सोळा वर्षांच्या मुलीनं यातलं काय निवडायचं असतं ते मला आजही ठाऊक नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा तिचे वडील आले. वरची मुदत संपली होती, पुढची बदली मैदानी भागात कुठं तरी झाली होती, आणि ते क्वार्टर सोडायला एकटेच आले होते. दोन दिवस समोरून सामान हलवल्याचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं तर ते व्हरांड्यात काळ्या पत्र्याच्या ट्रंका ओळीनं मांडून बसले होते. फौजी माणूस बदली झाली की ट्रंकेवरचं जुन्या युनिटचं नाव काळ्या रंगानं पुसतो आणि नवं पांढऱ्यानं लिहितो. ते जुनं पुसत होते.

मी चप्पल घातली. आई भाकरी थापत होती. "कुठं निगालीस?"

"अंकलकडं."

तिचा हात परातीत थांबला. तिला कळलं. "आगं, त्यास्नी..." एवढंच म्हणाली. मग खाली बघून परत भाकरी थापायला लागली. मी गेले.

ते मला बघून उठले, बसायला वेताचा मुढा पुढं केला. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. "अंकल, मैंने आपसे झूठ बोला था."

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "बोल बेटा."

"वो बोल रही थी. काफी देर." आणि मग ती काय बोलली ते मी सांगितलं. तिच्याच शब्दांत, दोनदा म्हणाली तेही.

मी त्यांच्या हातांकडं बघत होते, कारण चेहऱ्याकडं बघायची हिंमत नव्हती. बोटांना काळा रंग लागला होता. ते म्हणाले, "मुझे पता था."

मला समजलं नाही.

"ऊपर से कितने लड़कों को लेके उनके घर गया हूँ मैं," ते म्हणाले. "तिरंगे में. हर घर में माँ एक ही बात पूछती है. और मैंने हर घर में एक ही बात बोली है. माताजी, मौके पर ही. तकलीफ नहीं हुई." त्यांनी बोटांचा रंग फडक्याला पुसला. "कोई-कोई तो रात भर बोलता रहा था, बेटा. घर जाके मैंने वही बोला, मौके पर ही. तो जब यहाँ सबने मुझे वही बोला, मैं उसी टाइम समझ गया."

"आपने पूछा क्यों नहीं किसी से?"

"तेरे से पूछा था."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ज्या गोष्टीपासून त्यांना वाचवायला मी वर्षभर पोट आवळून बसले होते, ती गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. फक्त ती काय बोलली तेवढं ठाऊक नव्हतं. ते न कळलेलं घेऊन हा माणूस वर्षभर बर्फात एकटा राहिला होता, आणि ते त्यांना सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं.

त्यांनी एक ट्रंक पायानं माझ्याकडं सरकवली. "बैठ. अब शुरू से बता."

मी बसले. क्लासमधून निघालो तिथून सुरुवात केली. तिनं त्या दिवशी कुठला स्वेटर घातला होता, ऑटोत काय बडबडत होती, कशावरून हसली, हे त्या खोलीतही कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. रस्त्याचं सांगायला लागले तेव्हा पोटात कळ आली. मी दोन्ही हातांनी पोट धरलं. त्यांनी ते पाहिलं, पण थांब म्हणाले नाहीत.

"ठंड लग रही थी उसको?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "हाँ."

त्यांनी मान खाली घातली. "आगे बता," म्हणाले, आणि मी पुढचं सांगितलं.